पाइप पोचत नाही तिथली बाग

सोलापुरात बाग बघायला मे महिन्यात जावं, आणि तेही सकाळी दहा-साडेदहानंतर. डोक्याला काहीतरी घट्ट बांधावं, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि तासाभरात परत फिरावं. एवढ्या वेळात जे कळतं ते अख्खा पावसाळा बागेत घालवूनही कळत नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं असतं. थंडीत गुलाब, शेवंती, डेलिया नटून बसलेली असतात. त्या दिवसांत बाग बघून रोपं निवडली की निवड त्या दिवसांपुरतीच होते. आपल्या गावाला पुढचा होळी ते मृग हा काळ काढायचा असतो.

हे सगळं डोक्यात आलं ते घरापुढच्या अंगणामुळे. जुळे सोलापूर या शहराच्या भागात आम्ही बांधलेल्या घरापुढे चिंचोळी, पश्चिमेकडे तोंड असलेली जागा आहे. वर बांधकामाचा मुरूम, हातभर खाली काळी माती, पाणी बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं जड पाणी. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते बागेला घालायची कुणाची छाती होत नाही. अशा जागेत काय लावावं, हे विचारायला रोपवाटिकेत गेलं की तिथे त्या दिवशी जे फुललेलं असेल ते हातात ठेवतात. त्यात त्यांचीही चूक नाही, फुललेलं रोपच विकलं जातं. पण मला फुललेलं रोप बघायचं नव्हतं, दहा-वीस वर्षं सोलापुरात काढलेलं झाड बघायचं होतं. त्यासाठी सार्वजनिक बागेसारखी दुसरी जागा नाही.

किल्ल्याजवळची हुतात्मा बाग संध्याकाळी मुलांना घेऊन जायला छान. माझ्या कामाच्या जागा विजापूर रस्त्यावर, संभाजी तलावाच्या बाजूला आहेत. तिथलं स्मृती उद्यान आणि सिद्धेश्वर वनविहार. मी वही घेऊन जाते आणि एक साधा नियम पाळते. कुठल्याही बागेत पाण्याचा पाइप जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतची झाडं बघायची, कौतुक करायचं आणि पुढे जायचं. पाइप संपतो तिथून खरी पाहणी सुरू करायची. हिरवळ, फुलांचे वाफे, प्रवेशाजवळच्या कुंड्या हे सगळं माणसाच्या हातावर जगत असतं. त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या कडेला, दगडांच्या आडोशाला जे उभं असतं त्याने आपापलं पाणी शोधलेलं असतं.

अशाच एका कोपऱ्यात एका झाडाखाली उभी राहून मी टिपणं काढत होते, तर तिथे काम करणारे एक काका जवळ आले.

“काय लिहिताव ताई?”

“काका, ह्या झाडाला पाणी कधी घालता?”

“ह्याला कोण पाणी घालतंय हो. लावलं तवा दोन उन्हाळे घातलं. आता आपलं आपण जगतंय बघा.”

ते झाड करंजाचं होतं. मे महिन्याच्या त्या उन्हात त्याची पानं नुकतं तेल लावल्यासारखी चमकत होती आणि सावली इतकी गच्च की खालच्या मातीवर उन्हाचा एक कवडसा नव्हता. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पानं टाकतो, थोडे दिवस उघडा दिसतो आणि चैत्रात नव्या पोपटी पालवीने भरून जातो. आपल्याला सावली हवी असते नेमकी तेव्हाच त्याची सावली दाट असते. कडुनिंबाचंही तसंच. पानगळ फेब्रुवारी-मार्चात, पाडव्याला कोवळी पालवी आणि मोहोर, आणि मेमध्ये डेरेदार सावली. या दोघांचं वेळापत्रक सोलापूरच्या उन्हाळ्याशी जुळलेलं आहे. पारा 40 च्या वर जातो, काही दिवस 44-45 पर्यंत चढतो, आणि ही दोन झाडं त्या काळात सगळ्यात ताजी दिसतात.

बहाव्याची गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबायला लागले की रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवतो. मीही थांबते. पण फुलांनी लगडलेल्या बहाव्याखाली जाऊन उभं राहा, वरून ऊन थेट डोक्यावर येतं, कारण तेव्हा पानं जवळजवळ नसतात. म्हणून बहावा खिडकीतून, गच्चीतून, रस्त्यावरून दिसेल अशा जागी लावावा. बसायची खुर्ची त्याच्याखाली ठेवायचा बेत करू नये. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. एकाच दुपारी करंजाखाली आणि मग बहाव्याखाली उभं राहिल्यावर डोक्याच्या टाळूने सांगितलं.

गुलमोहराबद्दल लिहायला जरा जड जातं, कारण तो सगळ्यांचा लाडका आहे. मादागास्करहून आलेलं हे झाड आपल्याकडे इतकं रुळलं की मे महिना त्याच्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. पण त्याचं लाकूड ठिसूळ. मुळं उथळ पसरतात. वळवाचा वादळी पाऊस आला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आडव्या पडलेल्या फांद्यांत त्याच्या फांद्या हमखास असतात. मोकळ्या मैदानात असू दे. चिंचोळ्या अंगणात, विजेच्या तारांखाली आणि गाड्या लावायच्या जागेजवळ तो नको, असं मी वहीत लिहिलं आणि त्या पानावर पुन्हा विचार केला नाही.

परदेशी झाड म्हणून मात्र मी कुणाला नाकारत नाही. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. जाडजूड खोडात आणि फांद्यांत तो पाणी साठवतो, थंडीत पानं टाकून देतो आणि उन्हाळ्यात फुलतो. बोगनवेल ब्राझीलची. पाणी तोडलं की ती जास्त फुलते आणि पाणी भरपूर दिलं की नुसती पानं काढते. पाइप न पोचणाऱ्या कोपऱ्यात या दोघी मला कायम खुशाल दिसल्या. उलट आपल्याच देशातल्या कितीतरी सुंदर वनस्पती सह्याद्रीच्या पावसाळी उतारावरच्या असतात. त्यांना सोलापूर परदेशाहून परकं आहे. झाडाचा देश बघण्यापेक्षा त्याने मे महिना कसा काढला ते बघावं.

आता तरवडाबद्दल, कारण या सगळ्या पाहणीत मला सगळ्यात जास्त आनंद त्याने दिला.

तरवड आपण सगळ्यांनी हजार वेळा पाहिलेला असतो. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांजवळ, माळावर, बांधावर. कमरेएवढं किंवा डोक्याएवढं झुडूप, बारीक पानं, पिवळीधमक फुलं. कुणी त्याला पाणी घालत नाही, कुणी खत देत नाही, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. वर्षातल्या बहुतेक महिन्यांत त्याच्यावर थोडी तरी फुलं असतात. त्याच्या सालीचा उपयोग पूर्वीपासून कातडी कमावण्यासाठी होत आला. एवढं देखणं, एवढं चिवट झुडूप कुणी मुद्दाम अंगणात लावलेलं मी पाहिलं नव्हतं. बागेच्या कुंपणापाशी ते एका रांगेत, छाटलेलं, नीट वाढलेलं दिसलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेंदीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या विकतच्या कुंपणाऐवजी हेच लावता येईल.

घरी येऊन शेजारच्या आजींना सांगितलं. त्या पूर्व भागातल्या, पद्मशाली घरातल्या. लेकाने इकडे घर घेतलं म्हणून आल्या. त्यांचं घर हातमागाचं होतं, पुढे यंत्रमाग आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बाजारात कन्नडसुद्धा. त्या म्हणाल्या, “तंगेडु म्हण की. बतुकम्माला पहिला मान त्याचाच.” पितृपक्षातल्या अमावास्येपासून पुढे नऊ दिवस तेलुगू बायका ताटात फुलांचे थर रचून उतरंड करतात, तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात. त्यात तंगेडुची पिवळी फुलं आणि गुनुगुचे, म्हणजे आपल्या कुर्डूचे, गुलाबी-पांढरे तुरे लागतात. तरवड तेलंगणाचं राज्यफूल आहे. आजी सांगत होत्या की पूर्वी गावाबाहेर थोडं चाललं की ओटीभर फुलं मिळायची. आता तिथे प्लॉट पडले आणि सणाच्या आदल्या दिवशी फुलं विकत आणावी लागतात. ज्या गावात हजारो बायकांना दरवर्षी हे फूल हवं असतं, त्या गावाच्या अंगणांत ते नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या कुंपणाचा निर्णय तिथेच झाला. तरवडाच्या पानांवर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या पानं खातात, थोडी चाळण होते. ती होऊ द्यायची.

बंगळूरचं लालबाग पाहिलं नसतं तर कदाचित हा सगळा विचार इतका स्पष्ट झाला नसता. उद्यान एक्स्प्रेस सोलापुरावरूनच जाते. इथे बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानांच्या गावात. 1760 मध्ये हैदर अलीने सुरू केलेली ती बाग आज सुमारे 240 एकरांवर पसरली आहे. 1889 चं काचघर, आणि मध्येच वर आलेला, सुमारे तीन अब्ज वर्षं जुना खडक. तिथली जुनी झाडं बघताना मान दुखते. प्रत्येक झाडाला त्याचा पूर्ण घेर पसरायला जागा दिलेली आहे, आणि खोडावर नावाची पाटी. ती पाटी फार मोलाची. आपल्याकडे कण्हेर म्हटलं तर लाल-गुलाबी फुलांची खरी कण्हेर, की पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी, हे रोपवाटिकेत ठरता ठरता घोळ होतो. शास्त्रीय नाव वहीत असलं की हवं तेच रोप मिळतं. मी तिथे एक अख्खा दिवस फिरले आणि खूप काही लिहून घेतलं.

पण बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर आहे, आपण त्याच्या निम्म्याच उंचीवर. तिथे नैऋत्य मोसमी पाऊस येतो, ईशान्येचाही येतो, आणि उन्हाळ्यात मधूनमधून सरी पडतात. माती लाल. आपली काळी, चुनखडीची. तिथे टवटवीत दिसणारी इक्झोरा आपल्या मातीत लावली की वर्षभरात पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या भागात कितीतरी फाटकांजवळ ती अशी फिकी उभी आहे. मातीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुन्याच्या मातीत ते मुळांना घेता येत नाही. मग लोक हिराकस, म्हणजे लोहाचं खत, घालतात, पण ते त्या मातीत पुन्हा तसंच अडकून बसतं. पानांवर फवारलं तर महिनाभर रंग सुधारतो आणि परत पहिल्यासारखं. जड पाण्याने दर वेळी चुन्यात भरच पडते. जन्मभर औषध देत बसण्यापेक्षा या मातीत आनंदाने राहणारं झाड का लावू नये? कण्हेर आहे, बिट्टी आहे, आपटा आहे, सीताफळ आहे, अडुळसा आहे, आणि डाळिंब आहे.

डाळिंबाला आपण फळाच्या पेटीपलीकडे बघतच नाही. सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याकडे केगावला आहे. पण अंगणातलं शोभेचं झाड म्हणून त्याचा विचार कुणी करत नाही. हलकी मुरमाड जमीन त्याला चालते, किंबहुना आवडते. पानं लहान, तकतकीत. फुलाचा तो जाड, मेणासारखा लाल रंग दुसऱ्या कुठल्या फुलाला नाही. फळं येतील तेवढी येऊ देत, उरलेली बुलबुलांची. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची जागा मी डाळिंबाला दिली.

लावायचं कधी, हा प्रश्न मला काय लावायचं यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. सगळीकडे जूनमध्ये वृक्षारोपणाची धांदल असते. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा सगळ्यात भरवशाचा महिना सप्टेंबर. जूनमध्ये एकदोन चांगले पाऊस होतात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये तो ओढ देतो. नुकतं लावलेलं रोप त्या उघडिपीत सुकतं. इथल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून आपली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर थंडीत पिकवायची. मालदांडी तशीच पिकते. सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन 1933 पासून चालू आहे, आणि त्याचा मोठा भाग हाच आहे की पडलेलं पाणी जागच्या जागी कसं मुरवायचं आणि टिकवायचं. जे शेताला लागू ते अंगणाला का नसावं? उघडिपीत रोज पाणी घालणं जमत असेल त्याने जूनमध्ये खुशाल लावावं, झाडाला तीन महिने जास्त मिळतात. ज्याला ते जमणार नाही त्याने खड्डे मेमध्ये काढून तापू द्यावेत आणि रोपं सप्टेंबरात लावावीत. मी दुसऱ्या गटातली.

पहिला उन्हाळा मात्र कुणालाच चुकत नाही. बागेतले काका म्हणाले ते दोन उन्हाळे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि त्या भेगांत कोवळी मुळं उघडी पडतात, तुटतात. म्हणून खोडाभोवती वीतभर जागा सोडून पुढे पालापाचोळ्याचा, काडाचा चांगला जाड थर हवा. वनविहारात झाडांखालचा पाला कुणी झाडून नेत नाही. तो बाजूला सारून बोट घातलं तर मेमध्येही खालची माती गार लागते. आपण अंगणातला पाला रोज झाडून जाळतो आणि मग उघड्या मातीवर बादल्या ओततो. पाण्यासाठी मी रोपाशेजारी बिनरंगाचा मातीचा माठ पुरणार आहे. तोंड झाकलेलं, तेवढंच वर. माती कोरडी पडेल तसं पाणी हळूहळू झिरपतं आणि थेट मुळाशी जातं. बोअरच्या जड पाण्याने माठाची छिद्रं काही काळाने बुजतात, तेव्हा घासून घ्यायचा, नाहीतर बदलायचा. कुंभारवाड्यातला माठ या कामाला प्लॅस्टिकच्या कुठल्याही वस्तूपेक्षा सरस.

एका गोष्टीने मला थांबून विचार करायला लावलं. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचा माळ मला बागेइतकाच जवळचा वाटतो. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. तिथे गवत आहे, मधूनच हिवर, बोर, तरवड, आणि लांबवर मोकळी नजर. माळढोक हा उघड्या गवताळ माळावर राहणारा पक्षी. दाट झाडी झाली की त्याची जागा जाते. रिकामी जागा दिसली की झाड लावायचं, ही आपली चांगली सवय आहे, पण माळ ही रिकामी जागा नव्हे. त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात. म्हणून अंगणाचा एक तुकडा मी झाडांविना ठेवणार आहे. विकतची हिरवळ घालायची तर मेमध्ये रोज पाणी लागतं. मारवेल उन्हाळ्यात सोनेरी होईल आणि पहिल्या पावसाला हिरवं. उन्हाळ्यात अंगण पिवळं दिसलेलं मला चालेल. सोलापूर तेव्हा पिवळंच असतं.

घरात वाद फक्त एका झाडावरून झाला. ह्यांचं म्हणणं, “कडुनिंबाशिवाय घर कसलं?” त्यांच्या गावच्या वाड्यापुढे कडुनिंब होता, त्याखाली बाजेवर सगळा उन्हाळा जायचा. मला त्यांचं पटतंही. पण आमच्या चिंचोळ्या जागेत त्याला वाढू दिलं तर दहा वर्षांत छाटणी सुरू करावी लागेल, आणि लालबाग बघून आल्यावर छाटून छाटून खुजं केलेलं झाड माझ्याच्याने बघवणार नाही. शेवटी पश्चिमेच्या बाजूला, दुपारच्या उन्हाच्या वाटेत करंज ठरला, आणि कडुनिंब कॉलनीच्या मोकळ्या जागेत. तिथे त्याला हातपाय पसरता येतील. दोन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी ह्यांनी घेतली आहे. समोरच्या घरातल्या दोन मुलांनीही रविवार वाटून घेतलेत. बहावा गच्चीतून दिसेल असा उत्तरेच्या कोपऱ्यात, आपटा फाटकाजवळ, चाफा पायरीशी.

तरवडाच्या शेंगा बागेतल्या काकांनी मूठभर काढून दिल्या. बी टणक असतं, म्हणून पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचं. पिशवीत रोप करण्यापेक्षा जागेवरच टोकायचं, म्हणजे मूळ सरळ खाली जातं. कुंपणाच्या कडेने दीड-दीड फुटावर टोकणार आहे. पलीकडच्या आजींनी त्यांच्या बाजूसाठी बियांचा वाटा आत्ताच मागून ठेवलाय. यंदाच्या बतुकम्माला फुलं मिळतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. “चालतंय की,” त्या म्हणाल्या, “तोवर कुर्डू लाव, ते चार महिन्यांत येतंय.”